अठरा हजार चारशे बासष्ट

दादाची फटफटी टेम्पोतून घरी आली, त्या दिवशी तिच्या डायलवर १८४७९ हा आकडा होता. मी तो लगेच लिहून घेतला. लिहून ठेवायची सवय मला तेव्हापासूनची. आजही खिशात छोटी वही असते आणि बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना, अगदी लग्नाला जातानाही तिच्यात ओळीने कामं लिहिलेली असतात. बायको म्हणते, हा माणूस स्वप्नंसुद्धा क्रमांक घालून बघत असेल. तेव्हा मी जे सांगणार आहे ते आठवणीतून सांगत नाही, वहीतून सांगतो आहे. आठवणीवर सोडलं असतं तर माझा माझ्यावरच विश्वास बसला नसता.

आम्ही नाशिक रोडला राहायचो, रेल्वेच्या मालधक्क्याच्या मागच्या वसाहतीत. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं छप्पर घातलेला ओटा. आमचे वडील, आप्पा, मालधक्क्यावर कामाला होते. सकाळी नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला की आईचा तवा चुलीवर चढायचा, आणि यार्डातल्या डब्यांची धडधड सुरू झाली की भाकरी उलटायची वेळ. घड्याळ होतं, पण आईला ते वाचता येत नसे. ती सिन्नरकडच्या खेड्यातली, शाळेची पायरी न चढलेली. तिला आकडे शिकवले दादाने, तेही पाटीवर नाही, फटफटीच्या डायलवर. दादा अंबडच्या एका कारखान्यात डाक पोहोचवायच्या कामावर होता. ऑफिसची पाकिटं आणि नकाशे घेऊन सकाळी घरूनच थेट सिन्नरच्या शाखेत जायचं आणि तिथली इकडे आणायची. संध्याकाळी साडेपाचला गाडी ओट्याशी लागायची. दादा किल्लीसुद्धा काढत नसे. आधी हाक मारायचा, "आई, वाच." आई ओला हात पदराला पुसत यायची, डायलवर वाकायची आणि एकेक आकडा सुटा सुटा म्हणायची, "एक, आठ, दोन, शून्य, सात." दादा तो वहीत उतरवायचा आणि शेजारच्या रकान्यात दिवसभर कुठे कुठे गेलो ते लिहायचा. अठरा हजार दोनशे सात असं तिला कधीच म्हणता आलं नाही. पण सुटे आकडे ती चुकत नसे. मग दादा जेवायला बसायचा. सुकटीची चटणी, बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. रोज तेच, आणि रोज पहिल्यांदा मिळाल्यासारखा खायचा.

दादाच्या वहीतला शेवटचा आकडा होता १८४६२. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास सिन्नरच्या वाटेवर मोहदरीच्या घाटात वळणावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. समोरून कुणी नव्हतं, मागून कुणी नव्हतं. आमच्या ओट्यापासून त्या वळणापर्यंत सतरा किलोमीटर. हा हिशोब कुणी सांगितला नाही. दोन आकड्यांची वजाबाकी मीच केली, टेम्पो दारात उभा असताना. त्या वेळी मला दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

कारखान्याचे मॅनेजर भेटायला आले. आप्पांना पुढच्या वर्षी नोकरीतून निवृत्त व्हायचं होतं, मी नुकता बारावी झालो होतो आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "जागा तीन महिने भरत नाही. गाडी तुमच्याकडे आहेच. मुलाने लायसन आणावं आणि रुजू व्हावं." आप्पांनी हात जोडले. आई आतल्या दाराशी बसून होती. तिने काही ऐकलं असेल असं मला वाटलं नाही.

मी यादी केली. शाळा सोडल्याचा दाखला, डॉक्टरचा दाखला, तीन फोटो, फॉर्म, लर्निंग, सराव, चाचणी. सात कामं. फोटोसाठी चांगला शर्ट नव्हता म्हणून दादाचा घातला. फोटो आणून खुंटीखालच्या फळीवर ठेवले, तर आई एक फोटो उचलून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हा कवा काढला त्यानं?" मी म्हणालो, "आई, मी आहे तो. विलास." तिने फोटो खाली ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. आर.टी.ओ.च्या खिडकीवरही असंच काहीतरी झालं. कारकुनाने माझा फॉर्म बघितला, मागचं एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि बोट ठेवून म्हणाला, "या नावाच्या वडिलांचा मुलगा, हाच पत्ता. लायसन आहे की दिलेलं. पुन्हा कशाला?"

"तो माझा भाऊ. तो वारला."

"तसं इथं काही लिहिलेलं नाही." त्याने चष्मा वर केला. "इथं तो चालू आहे."

मागे रांग होती. कुणीतरी हसलं. मी फॉर्म सरकवला, शिक्का घेतला आणि बाहेर येऊन यादीतल्या चौथ्या कामावर रेघ मारली.

कागदपत्रांना दीड महिना गेला. तेवढे दिवस गाडी ओट्यावर उभी होती. सलीमभाई मेकॅनिकने हँडल सरळ करून दिलं होतं आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं होतं. "टायर एकाच जागेवर बसतो भाऊ, मग गाडी उड्या मारते," तो म्हणाला होता. लर्निंग हातात आलं, मी नंबरप्लेटवर लाल एल रंगवला आणि सरावाच्या पहिल्या सकाळी वहीत लिहायला म्हणून डायल बघितलं. १८४७३.

मी मागचं पान उलटलं. १८४७९. माझ्याच हाताने लिहिलेलं. नऊचा तीन झाला नव्हता, शाई फिसकटली नव्हती. उभी गाडी सहा किलोमीटर मागे गेली होती.

पहिल्यांदा आपण स्वतःचीच चूक धरतो. मीही धरली. पण मग दोन रकाने केले, निघतानाचा आकडा आणि परतल्यावरचा. सराव सकाळी सहाला, स्टेशनपलीकडच्या मोकळ्या मैदानात. लायसनवाला माणूस मागे बसलेला हवा म्हणून सलीमभाई यायचा आणि माझ्या खांद्यावरून ओरडायचा, "क्लच हळू सोड! पाव मुठीत ठेवल्यासारखा धर, दाबू नको!" आठवडाभर मी रोज दीड-दोन किलोमीटर वाढवून गाडी घरी आणायचो, आणि दुसऱ्या सकाळी ती परतल्यावरच्या आकड्यापेक्षा मागे असायची. कधी पाच दशांश, कधी सहा. सगळ्यात शेवटचा, दशांशाचा पांढरा आकडा दोनाच्या आणि एकाच्या मध्ये अडकलेला दिसायचा, कुणीतरी ढकलता ढकलता सोडून दिल्यासारखा.

सलीमभाईला वही दाखवली. त्याने ती दूरवर धरून वाचली, मग डोक्यावरची टोपी मागे सरकवली. "मीटर खराब असतो तेव्हा थांबतो. किंवा पुढं पळतो. मागं येणारा मीटर मी बघितला नाही." मग माझं तोंड बघून तो हसला. "अरे, तुझ्या भावाला परत आणते वाटतं. लिंबू-मिरची बांध."

आमच्या घरात लिंबू-मिरची चालत नव्हती. नवस, उतारे, अंगारा यातलं काहीच आप्पांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. रविवारी विहारात वंदना, भिंतीवर बुद्धाचा फोटो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या शेजारणीला आईच सुनवायची, "असलं काय नसतं. माणूस हाय तवर हाय." म्हणून मला भीती वाटत होती ती भुताची नव्हती. भुताची भीती कशी वाटते ते आम्हाला शिकवलेलंच नव्हतं. ही दुसरी भीती होती आणि तिला नाव नव्हतं.

एक दिवस चाचणीच्या अर्जाला लागणारी डॉक्टरांच्या दाखल्याची नक्कल घरी विसरलो म्हणून मी भर दुपारी घरी परतलो. त्या वेळी वसाहत रिकामी असते. पुरुष कामावर, बायका आत लवंडलेल्या, पत्रे तापून तडतडत असतात. गल्लीच्या टोकालाच मला आवाज ऐकू आला. कट्, कट्, मग थोडं थांबून पुन्हा कट्. आई ओट्यावर फटफटीपुढे पाटावर बसली होती. पदर खोचलेला. दोन्ही हातांनी पुढचं चाक धरून स्वतःकडे ओढत होती, उलटं. ते सरळ फिरवलं की सूं असा सलग आवाज यायचा. उलटं फिरताना ते दर वेळी अडखळत होतं, आणि प्रत्येक अडखळण्याला आई ओठ हलवत होती. तिचे तळहात टायरने काळे झाले होते. किती दिवस मी ते काळे हात बघत होतो आणि तव्याची काजळी समजत होतो.

"आई, काय करतेस?"

ती दचकली नाही. चाक न सोडता म्हणाली, "चार, आठ, शून्य झालंय. चार, सहा, दोनवर न्यायचंय." आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, रागाने नाही, थकून, "तू रोज वाढवून आणतो रे."

मी तिच्याजवळ बसलो. तिने जे सांगितलं ते तिने आप्पांनाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी दादाच्या अंगात कणकण होती. तो उठत नव्हता. आईनेच पांघरूण ओढलं होतं. नवी नोकरी आहे, साहेब काय म्हणेल, खाडा करू नको, असं म्हणून तिनेच त्याला चहा दिला आणि गाडीपर्यंत सोडायला आली. "त्याच्या कपाळाला हात लावला होता मी," ती म्हणाली. "तापलेलं होतं. तरी म्हणलं, जा." आणि आता तिला त्या आदल्या संध्याकाळच्या आकड्यावर परत जायचं होतं. पुढे काय, ते मी विचारलं नाही. चाकाकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर वेडाची काही खूण नव्हती. भाकरीचं पीठ पुरेल की नाही हे बघताना असतो तसा तिचा चेहरा होता.

आप्पांना संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ बिडीकडे बघत राहिले, ओढली नाही. "करू दे," म्हणाले. "रडत तर नाही ना बाई."

मी व्यवहारी माणूस, तेव्हाही होतो. डायलची केबल पुढच्या चाकापासून नटाने सुटते. दुसऱ्या दिवसापासून सरावाला निघताना ती काढून ठेवायची आणि परतल्यावर ठोकळा सारून पुन्हा बसवायची असं मी ठरवलं. म्हणजे माझे किलोमीटर मोजले जाणार नाहीत आणि तिचे वाया जाणार नाहीत. आईला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "हुशार हाय माझा." महिनाभर आमचं असं चाललं. सकाळी मी मैदानात आठ काढत पुढे जायचो, दुपारी ती ओट्यावर मागे. मी पाय न टेकवता आठ पूर्ण करायला शिकलो, हाताने वळणाची खूण द्यायला शिकलो, चढावर थांबून गाडी मागे न घसरता उचलायला शिकलो. रोज आकडा लिहीत होतो. ७६, ७१, ६८. त्या महिन्यात घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. ज्या घरात कुणीतरी यायचं असतं त्या घरासारखं आमचं घर झालं होतं.

चाचणीची तारीख मिळाली. मॅनेजरांच्या तीन महिन्यांना तेव्हा पाच दिवस उरले होते. चाचणीच्या आदल्या दुपारी आईने मला हाक मारली. डायलवर १८४६२ होतं, शेवटचा पांढरा आकडा शून्यावर अगदी मधोमध. तिने हात धुतले, दगडाने घासून घासून धुतले. संध्याकाळी सुकटीची चटणी केली. साडेपाचला यार्डातून मालगाडी गेली, सहा वाजले, आणि तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. मी केबलचा नट सोडला, केबल फडक्यात गुंडाळून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. आता हा आकडा कुणाच्याही धक्क्याने हलायला नको, एवढाच विचार होता. चाचणीच्या मैदानावर गेल्यावर बसवणार होतो. साहेब सगळं चालू आहे का ते बघतात.

सकाळी सात वाजता मी बूट घालत होतो. आप्पा डबा घेऊन निघाले होते. आई आतून आली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"अंग तापलंय तुझं."

"नाही गं. बरा आहे मी."

"तापलंय. आज जाऊ नको." तिचा हात कपाळावरून निघेना. "आज खाडा कर."

तेव्हा मला कळलं, ती आदल्या संध्याकाळवर का परत आली होती. संध्याकाळसाठी नाही. त्या संध्याकाळनंतर येणाऱ्या सकाळसाठी. मी आप्पांकडे बघितलं. ते दारात थांबले, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, म्हणाले, "तुझं तू ठरव, विलास," आणि गेले. माझ्या यादीत सहा कामांवर रेघा होत्या. सातवं काम मैदानावर वाट बघत होतं. तिथे दोन तास हजेरी लावली असती तर घर उभं राहिलं असतं.

मी बुटाची नाडी सोडली.

त्याचा परिणाम आधीच सांगून टाकतो. पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. मी पहिल्या फेरीतच पास झालो, पण अंबडची जागा तोवर भरली गेली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, तीन महिने म्हणजे तीन महिने. आप्पांचं शेवटचं वर्ष आम्ही ओढत काढलं. पुढे मी वीज खात्यात मीटर वाचायच्या कामाला लागलो, त्याच गाडीवर, सिन्नर तालुक्यातली गावं. तीस वर्षं लोकांच्या भिंतीवरचे आकडे लिहिले. एकही मीटर कधी मागे गेलेला बघितला नाही.

तर त्या सकाळी मी दादाच्या खाटेवर आडवा झालो. आईने पांघरूण घातलं आणि कपाळावर ओली घडी ठेवली. मला काही झालेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण साडेआठच्या सुमारास माझे दात वाजायला लागले. थर्मामीटर पेटीत होता, मी तो स्वतः लावला आणि स्वतः वाचला. एकशे दोन. तो आकडाही वहीत आहे. आई उशाशी बसली होती, तिचा डावा हात माझ्या कपाळावर आणि उजवा माझ्या मनगटावर. दोन्ही हात. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

नऊ वाजायला आले होते. ओट्यावरून आवाज यायला लागला. अडखळणारा नाही. सूं असा, सलग, सरळ फिरणाऱ्या चाकाचा. हळू सुरू झाला, मग वाढत गेला, मैदानात मी तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायचो तेवढा झाला. दार उघडं होतं, पत्र्याच्या फटीतून ऊन आत पडलं होतं, समोरच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. मी उठायला गेलो. आईने मनगट धरून ठेवलं.

"आई, गाडी..."

"असू दे," ती म्हणाली. "पडून राहा."

किती वेळ चाललं ते मला सांगता येत नाही. ताप होता. एवढं आठवतं की आवाज कमी कमी होत थांबला नाही. एकदम थांबला.

दुपारभर मी घामाने भिजत झोपलो. जाग आली तेव्हा ताप उतरला होता आणि यार्डात साडेपाचची धडधड चालू होती. मी भिंतीला धरत ओट्यावर आलो. गाडी होती तशी होती. इंजिनाखाली ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. परत आत गेलो, पेटी उघडली. केबल फडक्यात, मी बांधली होती तशाच गाठीत. सलीमभाईने नंतर सांगितलं की केबल काढली की आत एखादी स्प्रिंग सुटते, मग आकडे आपोआप घसरतात. असेल. तो मेकॅनिक होता, मी नव्हतो. किती घसरावेत याचा त्या स्प्रिंगला काही नियम असतो का, ते मी त्याला विचारलं नाही.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. कोपरापर्यंत पिठाचे हात. तीन महिने तिला कुणी ती हाक मारली नव्हती. माझ्या तोंडून ती आपोआप निघाली.

"आई, वाच."

तिने हात पदराला पुसले, डायलवर वाकली आणि सावकाश, न चुकता म्हणाली, "एक. आठ. चार. सात. नऊ."

मग ती सरळ झाली. गल्लीच्या टोकाकडे, सिन्नरच्या दिशेला, थोडा वेळ बघत राहिली. "गेली ती," म्हणाली. "एकलीच गेली. तू घरात होता."

त्या दिवसानंतर तिने चाकाला कधी हात लावला नाही.

मी दादाची वही आणली. १८४६२ च्या खाली, माझ्या हाताने, १८४७९ लिहिलं. शेजारचा रकाना, जिथे दादा कुठे कुठे गेलो ते लिहायचा, तो रिकामा होता आणि तिथे काय लिहावं ते मला कळत नव्हतं. पेन तसंच धरून मी उभा राहिलो. आई आत चुलीकडे वळली होती. तिने मागे न बघता विचारलं, "काय लिहायचं राहिलं?"

"कुठे गेलो होतो ते."

तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला.

"खाडा लिही," आई म्हणाली.